गंगापूर रोडवरची भुलीच्या डॉक्टरांची ओपीडी आणि अण्णांचं १९८६ सालचं पोटाचं ऑपरेशन

रिव्ह्यू मोठा होणार आहे, पण ज्यांच्या घरात कोणाचं तरी जुनं जठराचं ऑपरेशन झालंय आणि आता दुसऱ्याच कशासाठी पूर्ण भूल द्यायची वेळ आलीये त्यांनी प्लीज पूर्ण वाचा. हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये कारण भुलीच्या मॅडम नाशिकमध्ये दोन-तीन ठिकाणी जातात आणि त्यांना न विचारता त्यांची ओळख उघड करणं मला बरोबर वाटत नाही. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आहे, पन्नास-साठ बेडचं असेल. मी रिव्ह्यू लिहितेय तो ऑपरेशनचा नाहीच, ऑपरेशनच्या आधी भुलीच्या डॉक्टरांनी पेशंटला बसवून नीट तपासलं त्या सर्व्हिसचा आहे.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ७४, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले. १९८६ साली त्यांचं अल्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हा मुंबईला नेलं होतं. बरगड्यांच्या मधून बेंबीपर्यंत उभी टाक्यांची खूण आहे. त्या काळात शिफ्ट ड्युटीवाल्यांमध्ये असे बरेच जण होते, आमच्या क्वार्टर्समध्येच तीन-चार काकांच्या पोटावर तसलीच खूण होती, उन्हाळ्यात सगळे बनियनवर बसायचे तेव्हा दिसायची. आता कोणाला हे ऑपरेशन करावं लागत नाही फारसं, अल्सर हा बहुतेक वेळा पोटातल्या जंतूमुळे होतो हे नंतर कळलं आणि तो शोधून काढणाऱ्या दोन ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ साली नोबेल मिळालं, चौदा दिवसांच्या गोळ्यांत काम होतं. पण ज्यांचं तेव्हा झालं ते सगळे आता सत्तरीच्या पुढे आहेत, आणि नेमकी हीच माणसं हर्निया, प्रोस्टेट, पित्ताशय, खुबा यासाठी ऑपरेशन टेबलवर जातायत.

डिसेंबरमध्ये अण्णांच्या उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. (जठराचं असं ऑपरेशन झालेल्यांना खडे व्हायचं प्रमाण जास्त असतं हेही मला आत्ता कळलं.) आधी आम्ही घराजवळच्या एका ठिकाणी गेलो. दुर्बिणीतून काढायचं, एक दिवसाचं पॅकेज, ईसीजी, टूडी इको, शुगर, सगळं झालं आणि फिजिशियनने "फिट" म्हणून सही दिली. फॉर्मवर आधीच्या ऑपरेशनच्या रकान्यात सिस्टरने विचारलं, अण्णा म्हणाले हो झालंय अल्सरचं, तिने "हो" वर टिक केली आणि पान उलटलं. बास. कोणी शर्ट वर करायला सांगितला नाही. मोबाईलवर मेसेज आला, रात्री १२ नंतर काही खायचं-प्यायचं नाही, सकाळी ७ ला या. मी काउंटरवर विचारलं की भूल कोण देणार, त्यांना भेटता येईल का, तर उत्तर आलं, "मॅडम ते डायरेक्ट ओटीला (ऑपरेशन थिएटरला) येतात, तिथेच भेटतील."

मला ते पटलं नाही. का पटलं नाही ते सांगते.

२०१९ मध्ये अण्णांची स्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून पोटाची तपासणी) केली होती, पोट जड राहतं म्हणून. आदल्या रात्री साडेआठला जेवण, मग पाणीसुद्धा नाही, सकाळी साधारण बारा तास उपाशी पोटी गेले. थोडी गुंगीची सुई दिली, दुर्बीण आत गेली आणि दोन मिनिटांत आतून ठसक्याचा आवाज, मी दारातच उभी होते. डॉक्टरांनी लगेच दुर्बीण बाहेर काढली, कुशीवर वळवलं, सक्शन लावलं. पोटात भात होता. भाताची शितं आणि गवारीच्या शेंगांचे धागे, आणि गवार आम्ही आदल्या रात्री केलीच नव्हती, ती त्याच्या आदल्या दिवशीची होती! त्या संध्याकाळी अण्णांना ताप भरला, खोकला आला, पाच दिवस अँटिबायोटिक घ्यावं लागलं आणि मग बरे झाले. त्या डॉक्टरांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, त्यांनी पटकन सावरलं. रिपोर्टवर त्यांनी लिहिलं होतं की पोटात अन्न शिल्लक, तपासणी अपूर्ण. दोन दिवस पातळ पदार्थांवर ठेवून परत केली तेव्हा झाली नीट. तो कागद अण्णांच्या निळ्या फाईलमध्ये तेव्हापासून आहे, आणि पॅकेजवाल्या हॉस्पिटलमध्ये ती फाईल चार जणांच्या हातातून गेली, कोणीही त्या कागदावर थांबलं नाही. मलाही तेव्हा नीट कळत नव्हतं की त्याचा भुलीशी काय संबंध, फक्त तो ठसक्याचा आवाज डोक्यात होता.

म्हणून दुसरं मत घ्यायला गंगापूर रोडला गेलो. तिथल्या सर्जननी पोट बघितलं, खूण बघितली आणि म्हणाले, जुन्या ऑपरेशनमुळे आत चिकटलेलं असू शकतं, दुर्बिणीने जमलं नाही तर उघडावं लागेल, ते माझ्याकडे सोडा, पण तारीख मी आज देणार नाही, आधी आमच्या भुलीच्या मॅडमना दाखवा, त्या हो म्हणाल्या की तारीख. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी त्यांची ओपीडी असते, ५०० रुपये फी. टोकन घेतलं आणि दीड तास बसलो. बसायची जागा अगदीच कमी आहे, खुर्च्या दहा-बारा आणि माणसं तीस, म्हाताऱ्या माणसांना उभं राहावं लागतं हे खरंच सुधारायला पाहिजे.

पण आत गेल्यावर पुढचा पाऊण तास जे झालं तसं मी अजून कुठे बघितलं नाही.

मॅडमनी फाईल घेतली पण लगेच उघडली नाही. अण्णांना टेबलवर झोपवलं, शर्ट वर करायला लावला आणि बोट त्या खुणेवरून वरून खालपर्यंत फिरवलं. "काका, हे कधीचं?" अण्णांनी साल सांगितलं. मग विचारलं, "काल रात्री काय जेवलात?" बाजरीची भाकरी आणि मेथी. "आज सकाळी उठल्यावर पोट रिकामं वाटलं की भरलेलं?" अण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, भरलेलं, नेहमीच असतं. "बुटाची लेस बांधायला वाकलात की घशाशी येतं का?" अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, येतं, कडू पाणी येतं, हिरवट असतं. "रात्री झोपेत ठसका लागून उठता का?" कधी कधी. "उशा किती?" दोन.

मी बाजूला बसून ऐकत होते. दोन उशा ते मानेसाठी घेतात असं घरात सगळ्यांना वाटत होतं, आईला पण. चाळीस वर्षं माणूस हे सगळं सांभाळून जगतोय, लग्नाला गेले तर जेवत नाहीत, प्रवासाच्या आदल्या दिवशी पेजेवर राहतात, गोड खाल्लं की दरदरून घाम येतो म्हणून श्रीखंड खात नाहीत, आणि आम्ही म्हणायचो अण्णांची आवडच कमी. मॅडमनी पाच मिनिटांत सगळं बाहेर काढलं.

मग फाईल उघडली आणि बरोबर त्या २०१९ च्या कागदावर थांबल्या. दोनदा वाचला. म्हणाल्या, "हा कागद म्हणजे तुमच्या वडिलांचा सगळ्यात महत्त्वाचा रिपोर्ट आहे, ईसीजीपेक्षाही."

त्यांनी ईसीजीच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला पेनने चित्र काढून समजावलं, ते पाकीट मी जपून ठेवलंय. पोट म्हणजे पिशवी, वर एक दार, खाली एक दार. वरचं दार अन्न परत घशाकडे येऊ देत नाही, खालचं दार अन्न बारीक झाल्यावर थोडं थोडं आतड्यात सोडतं. अण्णांच्या ऑपरेशनमध्ये दोन गोष्टी केल्या होत्या. अॅसिड कमी व्हावं म्हणून पोटाकडे येणारी व्हेगस नावाची नस कापली, आणि ती नस कापली की पोटाचं घुसळणंही मंदावतं म्हणून अन्न तुंबू नये यासाठी पिशवीच्या खालच्या बाजूला आतड्याला जोडून एक नवीन दार करून दिलं. आता ह्या नवीन दाराला झडप नाही. पातळ पदार्थ त्यातून धडकन खाली पडतो, म्हणून गोडाने घाम येतो, आणि घट्ट पदार्थ मात्र घुसळलाच जात नाही म्हणून पडून राहतो, आणि आतड्यातलं पित्त उलटं पोटात येतं, ते कडू हिरवट पाणी तेच. सगळ्यांना असं होतं असं नाही म्हणाल्या, बऱ्याच जणांना काही त्रास नसतो, पण ज्यांना होतो त्यांचं पोट घड्याळ बघून रिकामं होत नाही.

मी विचारलं, मग भुलीत नेमका धोका काय. त्या म्हणाल्या, जागेपणी घशाशी आलं तर आपण गिळतो किंवा खोकतो, झोपेतसुद्धा ठसका लागून जाग येते. पूर्ण भूल दिली की ठसकाच जातो आणि वरचं दारही सैल पडतं. आडव्या झोपलेल्या माणसाच्या पोटातलं घशात आलं तर ते सरळ श्वासनलिकेत उतरू शकतं आणि त्याला कळतसुद्धा नाही. घट्ट अन्नाचा तुकडा असेल तर श्वास अडतो, अॅसिड किंवा पित्त असेल तर फुफ्फुस भाजल्यासारखं होतं आणि व्हेंटिलेटरची वेळ येऊ शकते. १९४६ साली न्यूयॉर्कच्या मेंडेल्सन नावाच्या डॉक्टरांनी बाळंतपणातल्या भुलीबद्दल लिहिलं होतं, ४४,०१६ जणींमध्ये ६६ जणींच्या फुफ्फुसात पोटातलं गेलं, दोघी दगावल्या आणि त्या दोघी घट्ट अन्नाने श्वास अडूनच. ऑपरेशनआधी उपाशी राहण्याचा नियम इतका कडक झाला त्यामागे हे एक मोठं कारण. आता हे काही हजार भुलींमागे एखाद्या वेळीच होतं, पण ब्रिटनमध्ये २०११ साली भुलीतल्या श्वासमार्गाच्या गुंतागुंतींचा जो मोठा अहवाल आला त्यात त्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण हेच निघालं, आणि बऱ्याच केसेसमध्ये धोका आधी ओळखताच आला नव्हता किंवा ओळखूनही भुलीची पद्धत बदलली नव्हती.

मला हे वाक्य फार लागलं. कारण आमच्या बाबतीत ओळखायला सगळं समोर होतं, पोटावर वीतभर खूण होती आणि फाईलमध्ये कागद होता.

नेहमीचा नियम असा की साधं पाणी, गाळलेला ज्यूस, दुधाशिवायचा चहा हे दोन तास आधीपर्यंत चालतं, हलकं खाणं सहा तास, तळलेलं-तुपकट आठ तास किंवा जास्त. (म्हणजे रात्री १२ पासून पाण्याचा थेंब नाही हे निरोगी माणसालाही गरजेचं नसतं, हेही तिथेच कळलं, आपल्याकडे अजून सरसकट तेच सांगतात.) पण हे आकडे ज्यांचं पोट नॉर्मल रिकामं होतं त्यांचे आहेत. अण्णांना त्यांनी दोन पूर्ण दिवस पातळ पदार्थ लिहून दिले, आणि नुसतं "लिक्विड" असं नाही तर मराठीत पदार्थांची नावं: गाळलेली पेज, वरणाचं वरचं पाणी, गाळलेलं सूप, शहाळं मलई काढून. पेरू, संत्री, मेथी, गवार, शेवग्याच्या शेंगा, ऊस ह्यातलं आठवडाभर आधीपासून काही नाही, कारण धागेवाले पदार्थ असल्या पोटात साठून त्यांचा गोळा होऊ शकतो. शेवटचं पाणीसुद्धा त्यांनी दोन नाही तर चार तास आधी थांबवलं. हे सगळं अण्णांपुरतं होतं, कोणाला डायबेटिस असेल तर वेगळं सांगतील, म्हणून हे बघून घरी करू नका, तुमच्या भुलीच्या डॉक्टरांना विचारा.

आणखी एक गोष्ट मला खूप आवडली. मी मोबाईलवर वाचून गेले होते की आता सोनोग्राफीने पोट रिकामं आहे का ते टेबलवरच बघता येतं, मी म्हटलं तसं करा ना. त्या म्हणाल्या, करते मी ते बऱ्याच पेशंटमध्ये, पण ती मोजमापं ज्यांचं पोट जागच्या जागी आहे त्यांच्यासाठी आहेत, तुमच्या वडिलांच्या पोटाची रचनाच बदललेली आहे, चित्रात रिकामं दिसलं तरी मी त्यावर विश्वास ठेवणार नाही, मग पैसे कशाला घालवायचे. दुसऱ्या कोणी बिलात एक ओळ वाढवली असती आणि आम्ही आनंदाने भरली असती.

बाकी काय करणार तेही आधीच सांगितलं. छोट्या ऑपरेशनमध्ये कधी कधी श्वासासाठी घशावर बसणारं मास्कसारखं साधन वापरतात, ते श्वासनलिका सील करत नाही, म्हणून अण्णांना ते चालणार नाही, फुगा असलेली नळी थेट श्वासनलिकेतच घालणार. त्याआधी जागे असतानाच नाकातून राइल्स ट्यूब टाकून पोटातलं ओढून घेणार. अण्णा ह्याला घाबरले, नाकातून नळी म्हटल्यावर कोणीही घाबरेल, तर त्यांनी ती मऊ नळी हातात दिली, बघा म्हणाल्या, जेल लावून घालेन, मी सांगेन तेव्हा घोट गिळायचा. मग झटपट भूल, म्हणजे आधी तीन मिनिटं डोक्याकडची बाजू वर करून मास्कने ऑक्सिजन भरून ठेवायचा, झोपेचं आणि स्नायू सैल करायचं औषध एकामागोमाग द्यायचं, मधे बॅगने हवा दाबायची नाही कारण ती पोटात जाऊन अजून उलटं येऊ शकतं, आणि मिनिटभरात नळी आत. त्या वेळी पोटातलं वर येऊ नये म्हणून असिस्टंट गळ्यावर कंठाच्या खालच्या कडेला दाबून धरते, ही युक्ती १९६१ साली सेलिक नावाच्या इंग्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी मांडली, आणि तिचा किती उपयोग होतो ह्यावर डॉक्टरांमध्येच वाद आहे हेही त्यांनी लपवलं नाही, म्हणाल्या मी करते, पण नळी घालायला अडचण येतेय असं वाटलं तर लगेच सोडायला सांगते.

"आणि काका," म्हणाल्या, "निम्मा धोका उठताना असतो. तुम्ही पूर्ण जागे होऊन माझं ऐकल्याशिवाय मी नळी काढणार नाही. नळी घशात असताना जाग येईल, विचित्र वाटेल, घाबरायचं नाही, मी शेजारीच असेन." अण्णांनी मान हलवली. घरी येताना रिक्षात आईला फोन करून त्यांनी सगळं सांगितलं, नळीसकट, आवाजात भीती नव्हती.

जानेवारीत ऑपरेशन झालं. दिंडोरीच्या मावशींनी द्राक्षांची पेटी पाठवली होती ती घरात तशीच होती आणि अण्णा दोन दिवस शहाळं आणि पेज, एक शब्द तक्रार नाही. सकाळी थंडी इतकी की स्वेटरवर शाल. मॅडम ओटीत जायच्या आधी वॉर्डात आल्या, शेवटचं काय प्यायलात, किती वाजता, घशाशी आलं का, परत सगळं विचारलं. अण्णांच्या वाकड्या दोन दातांकडे टॉर्च मारून बघितलं.

ऑपरेशनला पावणेदोन तास लागले, चिकटलेलं होतं पण दुर्बिणीनेच झालं. मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मला ती राइल्स ट्यूबची पिशवी दाखवली. दोन दिवस पातळ खाऊन, चार तास पाणीसुद्धा न पिता, तरी साधारण एक कप हिरवट पाणी निघालं होतं आणि तळाला कसले तरी बारीक तंतू. मी ती पिशवी बघत उभी राहिले. हे सगळं पोटात असताना, नुसतं रात्री १२ पासून उपाशी ठेवून, ज्या डॉक्टरांनी अण्णांना आधी बघितलंच नाही त्यांच्या हाताखाली ते झोपले असते. कदाचित काही झालंही नसतं, बऱ्याच वेळा होत नाही. पण मला तो कदाचित नको होता.

अण्णांना नळी काढतानाचं आठवतंय, मॅडम म्हणत होत्या काका डोळे उघडा, मान उचला, माझा हात दाबा, आणि त्यांनी दाबला. कुशीवर वळवून काढली नळी. रिकव्हरीत दोन तास ठेवलं, ऑक्सिजन ९७ होता, खोकला नाही, ताप नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या. वेटिंग आणि खुर्च्यांचं सांगितलं. पार्किंग नाहीच, गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या, पेशंटला उतरवून गाडी दूर लावून यावं लागतं. संमतीपत्र फक्त इंग्रजीत आहे, मॅडम एवढं मराठीत समजावतात आणि सही मात्र इंग्रजी कागदावर, आईला एक ओळ कळली नाही, मराठी कागद छापायला किती लागतं? कॅन्टीनमध्ये नातेवाईकांसाठी पोहे आणि चहा सोडून काही मिळत नाही. बिलात मात्र सांगितलं त्यापेक्षा एक रुपया जास्त लागला नाही.

माझ्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने वजनासाठी स्लीव्हचं ऑपरेशन केलंय, तिला मी हे सांगितलं तर म्हणाली माझं तर पोटच छोटं केलंय, मला काय धोका. म्हणून पुढच्या खेपेला मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, स्लीव्हनंतर बऱ्याच जणांना जळजळ आणि घशाशी येणं वाढतं, पोटाला बँड बसवलेल्यांना बँडच्या वर अन्न अडकू शकतं, कॅन्सरसाठी जठर काढलेल्यांना वरचं दार उरत नाही म्हणून आतड्यातलं पित्त थेट वर येऊ शकतं, आणि अन्ननलिका काढून पोट छातीत ओढून घेतलेलं असेल तर आयुष्यभर फुल स्टमक, म्हणजे पोट भरलेलंच आहे असं धरायचं. शिवाय आता आठवड्याला घेतात ती वजनाची आणि शुगरची इंजेक्शन्स, त्यानेही पोट उशिरा रिकामं होतं आणि लोक ते औषध म्हणून सांगतच नाहीत, विचारल्याशिवाय. त्यामुळे काय झालंय, कधी झालंय आणि वाकल्यावर काय होतं, हे तीनही सांगायचं, डॉक्टरांनी नाही विचारलं तरी सांगायचं.

डिस्चार्जच्या वेळी मॅडमनी अण्णांना एक कार्ड लिहून दिलं, पोस्टकार्डाच्या अर्ध्या साइजचं, वर मराठीत आणि मागे इंग्रजीत. "१९८६ साली व्हेगस नस कापून पोट-आतडं जोडण्याचं ऑपरेशन. पोट उशिरा रिकामं होतं. पूर्ण भूल देताना पोट भरलेलं समजावं. राइल्स ट्यूब, झटपट भूल, नळी, पूर्ण जागं झाल्यावरच काढणे. नळी घालायला अडचण नाही." खाली तारीख आणि सही. अण्णांनी ते लॅमिनेट करून आधार कार्डाच्या मागे ठेवलंय.

आमच्या जुन्या क्वार्टर्समधले तात्या आहेत, अण्णांच्याच सेक्शनला होते, पोटावर तसलीच खूण, आता त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. गेल्या मंगळवारी अण्णा स्वतः त्यांना सिटीलिंकच्या बसने नाशिकरोडवरून गंगापूर रोडला घेऊन गेले, ७ नंबरचं टोकन मिळालं, ह्या वेळी पन्नास मिनिटांत नंबर लागला. मॅडमनी तात्यांना कमरेखालची भूल सांगितलीये, त्यात माणूस जागा राहतो आणि ठसका शाबूत असतो, पण गुंगीचं औषध द्यायचं नाही असं पेपरवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, आणि कमरेची भूल चढली नाही तर पूर्ण भूल द्यावी लागेल म्हणून दोन दिवस पेज त्यांनाही आहेच.